शब्दामागे एक सेंट

सॅन फ्रान्सिस्कोत संध्याकाळ समुद्राच्या अंगाने येते. धुकं आधी पुलाच्या तांबड्या मनोऱ्यांना वेढतं, मग टेकड्यांच्या माथ्यांवरून घरंगळत, गल्ल्यागल्ल्यांतून वाट काढत, विजेच्या तारा ओलावत खाली उतरतं, आणि दिवेलागणीच्या सुमाराला पोस्ट आणि हाइड या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर पोचतं तेव्हा तिथल्या जुन्या इमारतीच्या वरच्या खिडक्यांचे नुसते पिवळे डाग उरतात. ८९१, पोस्ट स्ट्रीट. दाराशी लहानशी पाटी आहे. डॅशिएल हॅमेट इथे राहत होता.

त्या खोलीत मी कधी गेले नाही. फुटपाथवर उभं राहून वर बघणं मला पुरतं. भिंतीत दुमडून ठेवायचा पलंग, खिडकीशी टेबल, टेबलावर टाइपरायटर, आणि त्याच्यावर वाकलेला एक उंच, काटकुळा, खोकणारा माणूस एवढं मनाशी मांडायला धुकं मदत करतं. हॅमेटला क्षय होता. संसर्गाच्या भीतीने बायको आणि दोन लहान मुलींपासून त्याला वेगळं राहावं लागलं. तरुणपणी त्याने पिंकर्टन या खासगी हेरसंस्थेत नोकरी केली होती. लोकांच्या मागे मागे चालायचं, दारांवर पाळत ठेवायची, पावसात ताटकळत उभं राहायचं, हीच त्याची भाकरी. छाती साथ देईना तेव्हा ती नोकरी सुटली आणि त्याने लिहायला घेतलं. म्हणूनच की काय, त्याच्या वाक्यांना पाऊल न वाजवता चालणाऱ्या माणसाची चाल आहे. विशेषण नाही, हुंदका नाही, मागे वळून बघणं नाही. ‘द माल्टीज फाल्कन’ ही त्याची कादंबरी १९२९ मध्ये एका मासिकातून क्रमशः येऊ लागली, १९३० मध्ये पुस्तक झाली. ती लिहीत असताना घरभाडं द्यायचं होतं, मुलींसाठी पैसे पाठवायचे होते. धुक्याला त्याची काय पर्वा!

हा धंदा आहे. मी हा शब्द मुद्दाम वापरते आणि पूर्ण आदराने वापरते. गुन्ह्याच्या गोष्टी लिहिणाऱ्या माणसांनी साहित्याच्या देवळात कधी गाभारा मागितला नाही. बाहेरच्या ओवरीत बसून त्यांनी रोजच्या रोज काम केलं आणि संध्याकाळी मजुरी मोजून घेतली. अमेरिकेत ती मजुरी शब्दांवर मोजत. शब्दामागे एक सेंट.

‘ब्लॅक मास्क’ हे त्या मजुरांचं सर्वांत मोठं कारखाना-मासिक. १९२० साली मेन्केन आणि नेथन या दोन संपादकांनी ते काढलं ते आपल्या एका उच्चभ्रू मासिकाचा तोटा भरून काढण्यासाठी, आणि थोड्याच काळात विकूनही टाकलं. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद, आतल्या आम्लाने आपोआप तपकिरी पडणारा, कडांनी भुगा होऊन झडणारा. असा एखादा अंक हाती घेतला की बोटांना पिठी लागते. नाकाशी धरला की ओल्या सालीचा, धुराचा, बंद कपाटाचा असा काही एकत्र वास येतो. आठवड्याभरात वाचून फेकून द्यायला बनवलेला हा कागद. त्याच्यावर लिहिणाऱ्यांनाही कुणी टिकायला सांगितलं नव्हतं.

त्याच मासिकाच्या डिसेंबर १९३३ च्या अंकात एका नव्या लेखकाची पहिली गोष्ट आली. नवा म्हणजे पंचेचाळिशीतला. रेमंड चँडलर तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. दारूने आणि मंदीने मिळून १९३२ मध्ये त्याची नोकरी घालवली. बेकारीतल्या त्या माणसाने अठरा हजार शब्दांच्या त्या गोष्टीवर पाच महिने काढले, आणि त्याला १८० डॉलर मिळाले. पाच महिने! हिशेब मांडला तर हमालीसुद्धा बरी म्हणायची. पण चँडलर लिहायचा कसा ते मला फार आवडतं. टाइप करायचे पिवळे कागद तो आडवे अर्धे कापून घ्यायचा. एका तुकड्यावर जेमतेम बारा-पंधरा ओळी मावायच्या, आणि त्या प्रत्येक तुकड्यात काहीतरी चमकलं पाहिजे अशी त्याची स्वतःशीच अट असायची. लॉस एंजेलिसची ऊन खाल्लेली भिंत, नाही तर एखाद्या बाईच्या आवाजातला खोटेपणा, नाही तर संध्याकाळी उताराच्या रस्त्याने एकेक करत लागत जाणारे दिवे. चमकलं नाही तर तुकडा टोपलीत. अर्धाच कागद वाया जाणार, मग फाडताना हात अडखळत नाही. शब्दाला एक सेंट मिळत असतानाही हा माणूस शब्द फेकून देत होता.

शब्दांचीच मजुरी, पण अर्ल स्टॅन्ली गार्डनरची तऱ्हा नेमकी उलटी. दिवसा कॅलिफोर्नियातल्या व्हेंच्युरा गावात वकिली, आणि रात्री मासिकांना रोज हजारो शब्दांचा रतीब. गवळ्याने पाऊस असो, घरात मयत असो, पहाटे दारात उभं राहावं, तसा हा. टाइपरायटर बडवून बोटांतून रक्त यायचं तेव्हा चिकटपट्ट्या लावून तो काम पुढे चालू ठेवायचा असं सांगतात. १९३३ मध्ये त्याचा पेरी मेसन पहिल्यांदा कोर्टात उभा राहिला, आणि पुढे ऐंशीहून अधिक कादंबऱ्या तो हरलेले खटले जिंकत राहिला. गार्डनर पुढे टाइप करेनासा झाला. बोलू लागला. टेमेक्युलाजवळच्या रानातल्या आपल्या रँचवर येरझाऱ्या घालत तो गोष्टी सांगायचा आणि सेक्रेटरी बायका त्या टिपून घ्यायच्या. त्याचे नायक शेवटच्याच गोळीला शत्रूला का लोळवतात, असं कुणी विचारलं तेव्हा, प्रत्येक ‘धाड’ला मला तीन सेंट मिळतात, मग बंदूक रिकामी व्हायच्या आत गोष्ट कशी संपवू, असं तो म्हणाल्याचं सांगतात. ही गोष्ट ऐकून लोक हसतात. मला मात्र त्या रिकाम्या होत जाणाऱ्या बंदुकीत घराचा हप्ता, किराणा, मुलीची फी असं सगळं एकेक करून वाजताना ऐकू येतं.

अशी पुस्तकं मला पहिल्यांदा भेटली ती लहानपणी, मराठीत. आमच्या घराजवळ सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. दुकानाच्या गाळ्याएवढी जागा, पुढ्यात फळीचा काउंटर, दोरीने बांधलेली पेन्सिल, आणि भिंतीभर खाकी कागदाची कव्हरं घातलेली पुस्तकं, पाठीवर शाईने घातलेले आकडे. शेवटच्या पानाला तारखांची चिठ्ठी डकवलेली असायची. जांभळ्या शिक्क्यांच्या त्या उभ्या रांगांवरून कळायचं की हे पुस्तक एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात, एका उशीखालून दुसऱ्या उशीखाली, दर दोन दिवसांनी घर बदलत फिरलंय. संध्याकाळी आई भाजी घेऊन येताना तिथे थांबायची.

“काका, नवा झुंजार आला का?”

“आलाय वहिनी, पण वरच्या माळ्यावरच्या सावंतांकडे गेलाय. सोमवारी या, बाजूला काढून ठेवतो.”

सोमवार यायचा. रात्रीची भांडी घासून, ओटा पुसून, विरजण लावून झालं की आई गॅलरीतल्या मिणमिणत्या बल्बखाली पाटावर बसायची, आणि मग तासभर ती आमची कुणाची नसायची. झुंजार आणि विजया, काळापहाड, धनंजय आणि छोटू यांच्या संगतीत ती रात्रीच्या मुंबईत मोटारीने हिंडत असायची, जी मुंबई तिने दिवसाही कधी पुरती पाहिली नव्हती. शेजारच्या गल्लीतून कुल्फीवाल्याची हाक यायची, कुठे रेडिओवर बातम्या संपायच्या, पान उलटल्याचा आवाज यायचा. तो आवाज मला अजून ओळखू येतो. पातळ, खरखरीत, घाईचा.

ही सगळी माणसं बाबूराव अर्नाळकरांची. त्यांनी अशी हजारावर पुस्तकं लिहिली. १९३६ ते १९८४ या काळातल्या त्यांच्या १०९२ रहस्यकथांची नोंद गिनेस बुकाने घेतली. त्यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. अठ्ठेचाळीस वर्षांत हजारावर पुस्तकं म्हणजे महिन्याला जवळपास दोन, वर्षानुवर्षं, लग्नकार्य, आजारपण, दंगली, पाणीकपात, सगळ्यांतून. या आकड्यापाशी मी थबकते. हा आकडा कुणी कौतुकाने सांगतं, कुणी नाक मुरडून. मला मात्र त्यात फक्त एक खांदा दिसतो, उजवा, अठ्ठेचाळीस वर्षं टेबलावर एकाच कोनात वाकलेला. त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आला, सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि फिरोज इराणी आले. एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर, पानाच्या गादीशेजारी, गाडी सुटायच्या आत पटकन निवडून घ्यायची ही पुस्तकं. वाचून झाली की सीटवरच ठेवून उतरलेले लोक मी पाहिलेत. पुढच्या माणसाने ती उचलून घेतलेलीही पाहिली आहेत.

अमेरिकेत आल्यावर जुन्या पुस्तकांच्या दुकानांच्या मागच्या खोल्यांत मला आईच्या लायब्ररीचे भाऊबंद भेटले. पॉकेट बुक्स या प्रकाशनाने १९३९ मध्ये २५ सेंटांना खिशात मावणारं पुस्तक आणलं आणि पुस्तकांनी पुस्तकांचं दुकानच सोडलं. ती औषधांच्या दुकानात गेली, बसच्या थांब्यावर गेली, सिगारेटच्या शेजारी तारेच्या फिरत्या स्टँडवर जाऊन बसली. युद्धावरून परतलेल्या पोरांना एकटेपणाच्या, फसगतीच्या, न संपणाऱ्या रात्रींच्या गोष्टी हव्या होत्या, कारण त्या रात्री ते बरोबर घेऊनच आले होते. १९५० मध्ये फॉसेट कंपनीच्या गोल्ड मेडल मालिकेने आणखी एक पाऊल टाकलं. आधी पुठ्ठा बांधणीत आणि मग स्वस्तात, ही वहिवाटच त्यांनी मोडली. कादंबरी थेट स्वस्तातच छापायची, आणि लेखकाला पैसे खपलेल्या प्रतींवर न देता छापलेल्या प्रतींवर द्यायचे. दोन लाख प्रती छापल्या तर दोन लाखांचे पैसे, पुढे त्या खपोत न खपोत. लिहिणाऱ्या हातांवर प्रकाशकाने टाकलेला एवढा विश्वास मला त्या सबंध शतकात दुसरीकडे फारसा सापडत नाही.

पण त्याच स्वस्त पुस्तकांच्या नशिबी एक क्रूर रीत होती. न खपलेलं पुस्तक परत पाठवायला टपालखर्च पुस्तकाहून जास्त. म्हणून दुकानदार नुसतं मुखपृष्ठ टरकावून प्रकाशकाला पाठवायचा, पुरावा म्हणून, आणि उरलेलं धड लगद्याला जायचं. पण सगळीच धडं तिथवर पोचत नसत. एकदा फुटपाथवरच्या खोक्यात मला असं एक मिळालं. पाठीवरचा डिंक उघडा पडलेला, त्यात फाटलेल्या चित्राची एक लाल चिंधी अडकलेली, बहुधा कुणा बाईच्या झग्याची. पहिल्याच पानावर सूचना छापलेली होती, की हे पुस्तक मुखपृष्ठाविना मिळालं असेल तर ते नष्ट झाल्याची नोंद आहे, आणि याचे पैसे लेखकाला मिळालेले नाहीत. मी ते पान कितीदा तरी वाचलं. पुढची गोष्ट नीट, संपूर्ण, शेवटच्या पानापर्यंत शाबूत होती. कागदोपत्री मेलेलं पुस्तक माझ्या मांडीवर बसून बोलत होतं.

जिम थॉम्प्सनची पुस्तकं याच कागदावरची. तो जन्मला १९०६ मध्ये, ओक्लाहोमातल्या अॅनाडार्को गावात, तुरुंगाच्या वरच्या मजल्यावर, कारण बाप तिथला शेरीफ. आमच्या अर्नाळकरांच्या जवळपास त्याच वयाचा. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला लायन बुक्स या लहानशा प्रकाशनासाठी त्याने दोन-अडीच वर्षांत दहाहून अधिक पुस्तकं लिहिली. त्यांतली ‘द किलर इनसाइड मी’ १९५२ मधली, शेरीफच्या कचेरीतल्या एका मिठ्ठास बोलणाऱ्या हवालदाराच्या तोंडून सांगितलेली, वाचताना अंगाखालची खुर्ची गार पडत जाते अशी. चाळीसएक वर्षं दारिद्र्याच्या, दारूच्या भट्टीत शिजलेलं मन त्याने त्या अडीच वर्षांत ओतलं. १९७७ मध्ये लॉस एंजेलिसला तो गेला तेव्हा त्याच्या स्वतःच्या देशात त्याचं एकही पुस्तक छापात नव्हतं. हस्तलिखितं आणि हक्क सांभाळून ठेव, मी गेल्यावर दहा वर्षांत माझं नाव होईल, असं त्याने बायकोला सांगून ठेवलं होतं म्हणतात. तिने सांभाळले. बर्कलेच्या ब्लॅक लिझर्ड या प्रकाशनाने ऐंशीच्या दशकात त्याला पुन्हा छापायला घेतलं.

चेस्टर हाइम्सला तर नावसुद्धा उशिरा मिळालं. दरोड्यासाठी ओहायोच्या तुरुंगात शिक्षा भोगत असताना तो लिहू लागला, आणि १९३४ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात त्याची गोष्ट छापून आली ती नावाऐवजी कैदी क्रमांकाखाली: ५९६२३. पुढे हा कृष्णवर्णीय लेखक देश सोडून फ्रान्सला गेला, आणि तिथल्या एका संपादकाच्या आग्रहाने त्याने हार्लेममधल्या दोन पोलिसांच्या गोष्टी लिहिल्या. पॅरिसच्या खोलीत बसून हार्लेमचे उकळते उन्हाळे, जिन्यांवरची भांडणं, तळलेल्या माशांचा वास. १९५८ मध्ये फ्रेंचांनी त्याला आपला रहस्यकथेचा मानाचा पुरस्कार दिला. अमेरिकेत ती पुरस्कारविजेती गोष्ट गोल्ड मेडलच्या स्वस्त आवृत्तीत आली होती. दूर देशी बसून आपल्या गल्लीचा वास लिहिणं म्हणजे काय, हे न्यू जर्सीतल्या माझ्या स्वयंपाकघरात मला कुणी समजावून सांगायला नको.

बायकांची मजुरी आणखी निराळ्या तराजूत पडली. डोरोथी ह्यूजने १९४७ मध्ये ‘इन अ लोन्ली प्लेस’ लिहिली. खुनी पुरुषाच्या डोक्यात शिरून, रात्री समुद्राकाठच्या धुक्यात त्याच्या पावलांबरोबर चालत, आणि तरी त्याला तसूभर माफी न देता. १९५२ नंतर तिची पुढची कादंबरी आली ती थेट १९६३ मध्ये. मधली वर्षं घरातल्या माणसांची दुखणीखुपणी काढण्यात गेली. ती अकरा वर्षं कुठल्याच पुस्तकाच्या पाठीवर छापलेली नाहीत. १९८६ मध्ये सारा पारेत्स्कीच्या पुढाकाराने लेखिकांनी ‘सिस्टर्स इन क्राइम’ ही संघटना उभी केली. त्यांची पुस्तकं खपत होती, वाचली जात होती, पण परीक्षणांत आणि पुरस्कारांत त्यांना जागा मिळत नव्हती. त्यांनी चक्क वर्तमानपत्रं पुढे घेऊन परीक्षणं मोजली. हे काम मला फार मोलाचं वाटतं.

आणि स्यू ग्राफ्टन. पंधराएक वर्षं हॉलिवुडसाठी पटकथा लिहून कंटाळलेल्या या बाईने १९८२ मध्ये ‘ए इज फॉर अॅलिबाय’ लिहिली आणि मग एकेका अक्षराला एकेक पुस्तक देत ती पस्तीस वर्षं चालत राहिली. तिची किन्सी मिलहोन ही गुप्तहेर ऐंशीच्या दशकातच थांबली. तिच्या जगात मोबाइल आला नाही, ती जेमतेम चाळिशीच्या उंबऱ्याशी पोचली, आणि तिला लिहिणारी मात्र आजी झाली. कॅलिफोर्नियातल्या एका काल्पनिक गावात किन्सी रोज सकाळी तीन मैल धावत राहिली. ‘वाय’ ऑगस्ट २०१७ मध्ये आलं. त्याच वर्षी डिसेंबरच्या २८ तारखेला ग्राफ्टन कर्करोगाने गेली. आपल्या नावावर दुसऱ्या कुणी लिहू नये, किन्सीवर सिनेमा-मालिका होऊ नये, असं तिने बजावून ठेवलं होतं. घरच्यांनी सांगितलं, आमच्यापुरती मुळाक्षरं ‘वाय’पाशी संपली. मी माझ्या फळीवर ती पुस्तकं ओळीने लावलीत. शेवटी एका पुस्तकापुरती जागा मोकळी सोडली आहे. तिथे मी काही ठेवत नाही.

दरम्यान भोवतालचं जग सरकत होतं. १९७२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘मर्डर इंक’ नावाचं नुसत्या रहस्यकथांचं दुकान निघालं; २००६ च्या अखेरीस ते मिटलं. ओटो पेन्झलरचं ‘मिस्टीरियस बुकशॉप’ १९७९ पासून आहे, आता वॉरन स्ट्रीटवर. आत शिरलं की छतापर्यंत पोचलेली फडताळं, त्यांना टेकलेली शिडी, आणि रस्त्यावरच्या टॅक्सींचा आवाज एकदम मागे पडून कागदांचीच एक वेगळी, कोरडी शांतता. लेखक इथे येऊन सह्या करतात. मी एकदा एका वयस्क लेखकाला सह्या करताना पाहिलं. प्रत्येक प्रतीवर सही झाली की तो तळहाताने पान हलकेच सपाट करायचा आणि मगच पुस्तक मिटायचा. कुणाचं लक्ष नव्हतं. त्याचंही नसावं.

२००७ च्या नोव्हेंबरमध्ये किंडल आलं. डोनाल्ड वेस्टलेक, शंभराहून अधिक पुस्तकांचा धनी, तेव्हाही हाताच्या जुन्या टाइपरायटरवर लिहीत होता आणि त्याचे सुटे भाग मिळावेत म्हणून तसलीच आणखी यंत्रं जमवत होता. २००८ च्या शेवटच्या रात्री, नववर्षाच्या जेवणाला निघताना, मेक्सिकोत तो कोसळला. त्याच्यामागे एक रीतच उठून गेली. मग पुस्तकं पडद्यावर उतरली, ९९ सेंटांना मिळू लागली. ज्यांना प्रकाशकांनी दारात उभं केलं नव्हतं अशा कितीकांनी स्वतःच स्वतःला छापलं आणि त्यांना वाचक मिळाले, हे चांगलंच झालं. पण २०१५ पासून अॅमेझॉनच्या वर्गणीयोजनेतल्या लेखकाला पैसे मिळू लागले ते वाचकाने उलटलेल्या पानांवर. पानामागे साधारण अर्धा सेंट, बहुतेक महिन्यांत त्याहूनही थोडं कमी. १९३३ मध्ये चँडलरला एका शब्दाला एक सेंट मिळत होता. आता त्याच सेंटात दोन पानं. आणि वाचकाला मध्येच झोप लागली तर पुढची पानं फुकट लिहिलेली.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये मायकेल कॉनली, जॉन ग्रिशम, स्कॉट ट्युरो अशी मंडळी ऑथर्स गिल्डबरोबर न्यूयॉर्कच्या कोर्टात गेली, कारण त्यांची पुस्तकं न विचारता, पैसे न देता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला लिहायला शिकवण्यासाठी वापरली गेली असं त्यांचं म्हणणं. कॉनली आधी लॉस एंजेलिसच्या वर्तमानपत्राचा गुन्हेवार्ताहर होता; पोलिसांच्या बोलण्यातला थकवा त्याने वर्षानुवर्षं कानांनी गोळा केला. तो थकवा कुणाच्या मालकीचा, हे आता कोर्टाने ठरवायचं. आणि २०२५ मध्ये, सुपरमार्केटांना आणि औषधांच्या दुकानांना पुस्तकं पुरवणाऱ्या रीडरलिंक या सर्वांत मोठ्या वितरकाने सांगून टाकलं की खिशात मावणारी ती छोटी पुस्तकं वर्षअखेरपासून आम्ही पोचवणार नाही. तारेचं फिरतं स्टँड थांबलं. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या रहस्यलेखकांनी आपली संघटना काढली तेव्हा त्यांनी ब्रीद घेतलं होतं की गुन्ह्यातून पैसा मिळत नाही, पुरेसा तर नाहीच. ऐंशी वर्षांनी त्यात बदलायला काही नाही.

तरी या देशाचं एक मला मनापासून मानावंसं वाटतं. ज्या कागदाला आठवड्याचं आयुष्य होतं तो यांनी जपला. ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात १९६९ पासून लोकप्रिय वाङ्मयाचं स्वतंत्र ग्रंथालय आहे. तिथे विज्ञानकथा, शृंगारकथा, खुनाच्या गोष्टी अभ्यासाला ठेवल्या आहेत. गार्डनरचे कागद टेक्सस विद्यापीठाच्या रॅन्सम सेंटरमध्ये आहेत. आणि लायब्ररी ऑफ अमेरिका, जी मेलव्हिल आणि व्हिटमन छापते, तिने १९९७ मध्ये जिम थॉम्प्सनला आणि त्याच्यासारख्याच स्वस्त कागदावरच्या डेव्हिड गुडिसला त्याच काळ्या जाकिटात, त्याच न पिवळणाऱ्या कागदावर छापलं. मुखपृष्ठ टरकावून लगद्याला पाठवलेली माणसं आज रेशमी फीत लावून गाभाऱ्यात बसली आहेत. ओवरीतून उठवून त्यांना आत नेलं ते वाचकांनी, जुनी पुस्तकं न फेकणाऱ्या माणसांनी.

मराठीत हे व्हायचं आहे. आमच्याकडे अर्नाळकरांची बाराखडी लावायलासुद्धा सगळी पुस्तकं एका जागी मिळणं कठीण. लायब्ररीचे गाळे मोबाइलच्या दुकानांना गेले, खाकी कव्हरं किलोने रद्दीत गेली. काका गेले, तारखांची चिठ्ठी गेली. आई गेली तेव्हा तिच्या कपाटात एक झुंजार निघाला, परत न केलेला. त्याच्या मागच्या पानावरचा शेवटचा शिक्का पुसट आहे, पण वाचता येतो.

माझं मागणं साधं आहे. तुमच्या माळ्यावर, गावच्या घरी, मामांच्या ट्रंकेत, आत्याच्या दिवाणाखाली अर्नाळकर, नाईक, शिरवळकर, धारप, काशीकर अशा लेखकांची पुस्तकं असतील तर ती रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवू नका. मुखपृष्ठाचा, पहिल्या पानाचा, किमतीचा आणि सालाचा फोटो काढा, आणि पुस्तक जवळच्या ग्रंथालयाला द्या. ते घेत नसतील तर घेणारं दुसरं शोधा, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारा, विद्यापीठांच्या मराठी विभागांत विचारा. आणि आज मराठीत जो कुणी रात्री जागून खुनाची गोष्ट लिहितोय त्याचं पुस्तक नवं, पूर्ण किमतीला विकत घ्या. पीडीएफ मागू नका.